पात्यावरचं नाव

आमच्या चर्चमध्ये वर बघून प्रार्थना करायची सोय नाही. वर बघितलं की देवाच्या आधी देणगीदार दिसतात. छताला सात पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात कुणाचं तरी नाव घातलेलं. कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कुणाच्या लेकीच्या लग्नाप्रीत्यर्थ, एक तर चक्क पेन्शन मंजूर झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ. गोम अशी, की पंखा फिरायला लागला की नाव दिसायचं बंद होतं. म्हणून आमच्याकडं हिवाळ्यात देणगीदार खुशीत असतात आणि उन्हाळ्यात बाकीचे.

त्या सातातला सातवा, अगदी मागच्या ओळीवरचा पंखा मी दिलेला. त्याचीच ही गोष्ट. सांगताना मला माझी लाजही वाटते आणि हसूही येतं, पण पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही. मी परंडा आगारात एस.टी.ची कंडक्टर. वीस वर्षं "पुढं सरका, मधी मैदान मोकळं हाय" असं ओरडून माझा आवाज असा झालाय, की मी मनातल्या मनात केलेली प्रार्थनासुद्धा बाहेर चपला काढणाऱ्याला ऐकू जाते म्हणतात. कुर्डुवाडीची गाडी असो नाही तर सोनारीच्या यात्रेची जादा गाडी, जिथं माणसांच्या बरोबर माकडंही चढायला बघतात, मी कुणाला बधले नाही. बधले ती एकदाच, आमच्या चर्चमधल्या लाइटच्या बोर्डापाशी.

माझे वडील, म्हणजे आबा, शेतमजूर होते. सोमवार ते शनिवार दुसऱ्याच्या रानात आणि रविवारी चर्चमध्ये. चर्चमध्ये त्यांना हुद्दा असा कुठलाच नव्हता. ते पंचकमिटीत नव्हते, पेटी-तबला त्यांना येत नव्हता, देवानं काय केलं त्याची चारचौघांत साक्ष द्यायला उभं राहा म्हटलं तर घाम फुटायचा. दिवस उगवायला जाऊन ते झाडून काढायचे, सतरंज्या अंथरायचे, रांजण भरायचे, घंटा वाजवायचे. आणि उपासना सुरू झाली की हातात एक पुठ्ठा घेऊन मागच्या भिंतीशी उभे राहायचे.

पुठ्ठा कशाला? तर आमच्या चर्चच्या भिंती दगडी असल्या तरी वर पत्रे आहेत. एप्रिल-मेमध्ये आत बसलं की तव्यावर भाकरीला काय वाटत असेल ते कळतं. मी लहान असताना दोनच पंखे होते आणि दोन्ही पुढं, पाळकांवर आणि पुढच्या ओळीतल्या मोठ्या लोकांवर. मागच्या ओळीत म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका बसायच्या. त्यांना वारा घालायचं काम आबांचं. कुणी नेमलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. औषधाच्या खोक्याचा हा एवढा पुठ्ठा, त्याला कडेनं जुन्या धोतराची पट्टी शिवलेली. उपदेश तासभर चालो नाही तर दीड तास, त्यांचा हात चालूच. एखादं पोर रडायला लागलं की आबा दोन पावलं त्या बाजूला सरकायचे. पोर गप झालं की परत जागेवर.

एकदा मी विचारलं, "आबा, तुमी पुढं का बसत न्हाय?"

"मागं ऱ्हायलं की बाहीर जायाला सोपं पडतं, बाय," ते म्हणाले.

आता ती शालीची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं माझं वेडेपण का झालं ते कळेल. दरवर्षी मे महिन्यात आमच्या चर्चचा वर्धापनदिन असतो. शेवटी सेक्रेटरी माईकवर आभार मानतात. मांडववाल्याचे, माईकवाल्याचे, आचाऱ्याचे, फुलं आणणाऱ्याचे, फुलं सांगितल्याप्रमाणं न आणणाऱ्याचेही. आबांचं नाव त्या यादीत कधी नसायचं. मी बारा वर्षांची असेन, त्या वर्षी कुणाला तरी बुद्धी झाली आणि आबांना शाल द्यायचं ठरलं. सेक्रेटरींनी माईकवर नाव पुकारलं, सगळं, आडनावासकट. माझ्या अंगावर काटा आला. वळून बघते तर भिंतीशी पुठ्ठा टेकवून ठेवलेला आणि आबा गायब! दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "बरं, पुढचं नाव घेऊ," आणि शाल पुढच्या माणसाच्या खांद्यावर गेली.

आबा बाहेर हापशावर होते. पंगतीला पाणी कमी पडेल म्हणून पिंप भरत होते. मी पळत जाऊन सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, पाणी तरी भरून झालं. उन्हाळ्यात शाल घिऊन करू काय?"

ते हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. मी नाही हसले. मला ते लागलं ते लागलंच. पुढं मी दहावी झाले, बारावी झाले, खाकी घातली, पण ती शाल दुसऱ्याच्या खांद्यावर निघालेली मला दिसायची. मनाशी गाठ मारली होती, की एक दिवस त्याच चर्चमध्ये, त्याच माईकवर आबांचं नाव घ्यायला लावीन. आणि त्या वेळी कुणी "पुढचं नाव घेऊ" म्हणूनच दाखवावं.

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. शनिवारी सतरंज्या उन्हात घालून, झटकून आले, जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. रविवारी घंटा वाजली नाही, तेव्हा आमच्या लोकांना कळलं की इतकी वर्षं ती कुणीतरी वाजवत होतं. आम्ही रडलो, पुरलं, गाणी म्हटली. नंतर पाळक म्हणाले, "फार मोठा माणूस गेला." मी मनात म्हटलं, मोठा होता तर मग मागच्या भिंतीशी का उभा होता?

तोवर पंखे सहा झाले होते. पण मागच्या ओळीवर एकही नाही. जो तो देणगी देताना सांगायचा, "आमचा पुढं लावा, पाहुण्यांना दिसला पाहिजे." त्यामुळं पुढं पंख्यांची दाटी. पुढं बसणाऱ्या काकांच्या डोक्यावरचे होते नव्हते ते केस उडायचे आणि मागं आबांचा पुठ्ठा. आबा गेल्यावर पुठ्ठाही गेला. मी ठरवलं, मागच्या ओळीवर आबांच्या नावानं पंखा द्यायचा.

विचार चांगलाच होता. इथपर्यंत देवालाही काही खटकलं नसेल.

पंखा आणला आणि पाती रंगवायला स्टँडसमोरच्या पेंटरकडं दिली. दुकानांच्या पाट्या रंगवणारा भला माणूस. दुसऱ्या दिवशी गेले तर पहिल्या पात्यावर सुरुवातीलाच झोकात "कै." लिहून मोकळा!

"अहो," मी ओरडले, "आबा कैलासात कशाला जातील?"

"मग कुठं गेलेत?" तो गोंधळून म्हणाला.

"ख्रिस्तवासी लिहा. आमच्यात ख्रिस्तवासी लिहितात."

त्यानं बिचाऱ्यानं पुसून लिहिलं. हात मोठा, अक्षर टपोरं. लिहून झाल्यावर म्हणाला, "ताई, पातं संपलं."

"आणि नाव?"

"नाव दुसऱ्या पात्यावर घेतो."

तसं केलं. दुसऱ्या पात्यावर आबांचं नाव. तिसरं रिकामं दिसायला लागलं. म्हणून त्याच्यावर माझं नाव आणि खाली "वाहक, परंडा आगार" असं टाकलं. पातं रिकामं बरं दिसत नव्हतं, असं मी तेव्हा आईला सांगितलं. खरं सांगते, पातं रिकामं नसतं तरी मी कुठंतरी जागा काढली असती. भरल्या गाडीत मी जागा काढते, पात्यावर काय अवघड आहे?

पंखा लागला आणि नवीनच भानगड. तीन पाती, गोल फिरणार, थांबेल तिथं थांबणार. पहिल्याच रविवारी असा थांबला की दरवाजातून येणाऱ्याला आधी तिसरं पातं आणि मग पहिलं दिसे. म्हणजे काय वाचावं? माझं नाव, वाहक, परंडा आगार, ख्रिस्तवासी! आमच्या कमिटीतले एक रिटायर्ड क्लार्क काका आहेत, पेन्शनचा पंखा त्यांचाच. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुम्ही कधी गेलात? आम्हाला कळवायचं तरी." सगळे खो खो हसले. आगारातही ही गोष्ट कशी काय पोचली देव जाणे. आठवडाभर ड्रायव्हर लोक मला बघून टोपी काढायचे. तेव्हापासून मी एक लांब काठी आणून ठेवली. उपासना सुटली, पंखा थांबला, की काठीनं ढकलून पहिलं पातं दरवाजाकडं करायची आणि मगच घरी जायची.

त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला बिशपसाहेब येणार असं ठरलं. कमिटीची मीटिंग झाली. मी कमिटीत नाही, पण मला मीटिंगला बोलवत नाहीत असंही नाही, कारण मी तशीही जाते. सेक्रेटरी म्हणाले, की उपदेशानंतर साहेब माईक घेऊन प्रत्येक पंख्याखाली उभे राहतील, पात्यावरचं नाव मोठ्यानं वाचतील आणि त्या कुटुंबासाठी प्रार्थना करतील. मी हरखले. तेच चर्च, तोच माईक आणि नाव घेणार कोण, तर खुद्द बिशप!

"पण फिरत्या पंख्यावरचं नाव साहेब वाचणार कसं?" मी विचारलं. "आणि ऐन वेळी बंद केले तर कुठं थांबतील त्याचा नेम नाही. मी काय साहेबांच्या पुढं काठी घेऊन पळू? सकाळपासून बंदच ठेवू. नावं वाचून झाली की लावू."

म्हणजे ही अक्कल माझी. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर घालत नाही. आमच्या कमिटीत चहा कुणी सांगायचा ह्यावर अर्धा तास जातो, पण हा ठराव एका मिनिटात पास झाला. आमचे पाळक नवीन, वयानं तरुण. ते मान खाजवत म्हणाले, "पण मे महिना आहे..."

"प्रभूनं रानात चाळीस दिवस काढले," क्लार्क काका म्हणाले, "आपल्याला दोन तास निघू नयेत?"

पाळकांनी ठरावावर सही केली.

वर्धापनदिन आला. ऊन असं, की सकाळी दहालाच पत्रे तडतडायला लागले. चर्च खचाखच भरलं. आई मागच्या ओळीत, बरोबर नव्या पंख्याखाली येऊन बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पंखे बंद का आहेत ते मी तिला सांगितलं नव्हतं. ती वर बघायची, मग माझ्याकडं बघायची. मी मागच्या भिंतीशी लाइटच्या बोर्डाला पाठ लावून उभी होते. कारण लोकांचा काय भरवसा, कुणीही येऊन बटण दाबायचं. दोघं आलेही.

"ताई, लई उकडतंय."

"हात काढा. मधी उतरायचं न्हाय," मी म्हटलं.

बिशपसाहेब अंगात तो लांब झगा घालून उपदेशाला उभे राहिले. विषय होता नम्रता. चांगलं बोलत होते, पण घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पुस्तकावर टपकत होता. लोकांनी कार्यक्रमपत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली. त्या पत्रिकेवर देणगीदारांची नावं छापलेली होती. तिचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच. मागं एक अंगावरचं पोर रडायला लागलं. घामोळ्यांनी त्याची मान लाल झाली होती. त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मी हाताची पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. गाडी सुटायला वेळ असला की आम्ही असंच सांगतो. आणि आमची पाच मिनिटं किती असतात ते परंड्याच्या स्टँडवर बसलेल्या कुणालाही विचारा.

एकदाचा उपदेश संपला. नावं सुरू झाली. साहेब पहिल्या पंख्याखाली आले, मान वर केली, नाव वाचलं, प्रार्थना केली. कुटुंब उभं राहिलं. फोटो झाला. दुसरा पंखा. फोटोत सून आली नाही म्हणून परत फोटो. तिसरा. चौथा पेन्शनचा. क्लार्क काकांनी दोन्ही बाजूंनी फोटो काढायला लावले आणि साहेबांना पेन्शनचं प्रकरण कुठं अडलं होतं ते थोडक्यात सांगितलं. त्यांचं थोडक्यात म्हणजे तेवढ्यात आपण सोनारीपर्यंत चालत जाऊन यावं. पाचवा. मी बोर्डापाशी उभी, बोटांवर मोजत. सहावा पंखा. साहेबांनी मान वर केली. आता एकच राहिला होता. माझा. आबांचा.

आणि आई उठली.

तिच्या शेजारच्या म्हातारीनं डोकं आईच्या खांद्यावर टाकलेलं मी मघाशीच बघितलं होतं. खोटं कशाला बोलू, बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आईनं तिला लेकुरवाळीच्या अंगाला टेकवलं आणि भिंत धरत धरत माझ्यापाशी आली.

"लाव," ती म्हणाली.

"आई, एकच ऱ्हायलाय. आता आबांचंच नाव घ्यायलेत. माईकवर."

"लाव म्हणते ना."

"दोन मिंटं, आई. उभ्या जल्मात एकदा..."

माझा आवाज कुणावर गेलाय ते त्या दिवशी सगळ्या चर्चला कळलं. "अगं ए कंडक्टरीन बाय! तुजा बाप ह्याच भिताडाला पाठ लावून उभा जल्म लोकास्नी वारा घालत ऱ्हायला. आन त्येच्या नावाचा पंखा तू बंद ठिवून हितं राखण करायलीस? त्या म्हातारीकडं बघ, जीव घाबरा झालाय तिचा. तुजा बाप आसता तर नाव ऐकाया थांबला आसता व्हय गं?"

प्रत्येक पॅसेंजरला द्यायला माझ्याकडं उत्तर असतं. सुट्टे नसणाऱ्याला, पास विसरणाऱ्याला, खिडकीवरून भांडणाऱ्याला. आईच्या ह्या प्रश्नाचंही उत्तर मला ठाऊक होतं. थांबले असते का आबा? छे! हापशावर असते. शाल दुसऱ्याच्या खांद्यावर जात होती तेव्हाही ते हापशावरच होते आणि मी येडी इतकी वर्षं त्या शालीवर रुसून बसले होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी वळले, बटण दाबलं आणि रेग्युलेटर पाचवर नेला.

नवा पंखा तो. असा काही फिरला, की मागच्या ओळीतल्या बायकांचे पदर उडाले. "आगं माय माय माय!" असा एकच आवाज झाला. त्या म्हातारीनं डोळे उघडले, कुणीतरी तिला पाणी पाजलं. पोर रडता रडता थांबलं आणि तोंड उघडं ठेवून वर बघायला लागलं.

बिशपसाहेब एव्हाना माझ्या पंख्याखाली पोचले होते. त्यांनी सवयीनं मान वर केली. वर काय, नुसतं लाल गरगर वर्तुळ. वारा त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे मिटले, एका हातानं झग्याची कॉलर पुढं ओढून धरली आणि तसेच उभे राहिले. बोलेनात. दुसऱ्या हातातला माईक तोंडाशी तसाच, त्यामुळं त्या माईकमधून वाराच ऐकू यायला लागला. भर्रर्र, भर्रर्र! बाहेर मांडवात कर्णा लावलेला होता, तिथंही भर्रर्र. आचारी डाव टाकून आत बघायला आला. सगळं चर्च हसायला लागलं आणि साहेब डोळे मिटलेलेच.

शेवटी त्यांनी विचारलं, "हा पंखा कुणाचा?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. ह्याच क्षणासाठी सगळा खटाटोप केला होता. नुसतं नाव सांगायचं होतं, मला तर माईकचीही गरज नाही. पण मी मागं भिंतीशी सरकले. बोलली ती मघाची म्हातारी, खाली बसूनच.

"आबांचा हाय, साहेब. लई वारा घालायचे आमाला."

"व्हय, आबांचाच," दुसरी म्हणाली.

साहेबांनी कोण आबा, आडनाव काय, काहीच विचारलं नाही. "प्रभू, आबांसाठी तुझे उपकार," एवढंच म्हणाले, आमेन केलं आणि तिथंच, मागच्या ओळीत, म्हाताऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. सेक्रेटरींनी पुढं खुर्चीवर बोलावलं तर हातानंच नको म्हणाले. बाकीचे आभार त्यांनी तिथूनच ऐकले, डोळे मिटून. ऐकले का झोपले, मला सांगता येणार नाही.

मग पुढून आवाज आला, "अहो, आता आमचे पण लावा की!" बघते तर क्लार्क काका. शर्ट पाठीला चिकटलेला. मी सहाही बटणं दाबली. सगळी नावं एकदम गेली आणि चर्चला हायसं झालं.

जेवताना काका मला गाठून म्हणाले, "ठराव तुम्हीच मांडला आणि तुम्हीच मोडला."

"काका, तिकीट देणारीलाच ते रद्द करता येतं," मी म्हटलं. त्यांना हसू आलं. त्या दिवशी मी पंगतीला पाणी वाढलं. पिंप रिकामं व्हायला आलं तेव्हा मीच हापशावर गेले. आत माईकवर कुणाचं नाव घेत होते, मला नीट ऐकू आलं नाही.

संध्याकाळी घरी मी आईजवळ बसले. म्हटलं, "आई, नाव ऱ्हायलंच की गं."

"ऱ्हाऊ दे," आई लसूण सोलत म्हणाली. "त्येन्ला सवय हाय."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

आता रविवारची सुट्टी मी मागून घेतलीय. सोयीची कुर्डुवाडीची ड्यूटी त्यापायी सोडावी लागली, पण असू दे. सकाळी जाऊन झाडते, सतरंज्या टाकते. घंटा मात्र मला आबांसारखी जमत नाही. मी ती डबल बेलसारखी वाजवते, असं पाळक म्हणतात. फार साधुबाई झालेय असं समजू नका. परवाच आभारात माझं नाव राहिलं तर मला दुपारपर्यंत जेवण गोड लागलं नाही. मग आईचं वाक्य आठवलं आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पंख्याचं म्हणाल तर दिवाळीच्या सुमाराला मी ओल्या फडक्यानं पाती पुसली आणि पेंटरचा रंग फडक्याला आला. "ख्रिस्तवासी"तला "ख्रि" तेवढा जागेवर आहे, आबांचं नाव गेलं, माझं तर आधी गेलं. पेंटर म्हणतो, ताई, फुकट परत लिहून देतो. मी अजून गेलेली नाही.

कारण मागच्या ओळीनं त्या पंख्याचं दुसरंच काहीतरी करून ठेवलंय. त्या दिवसापासून त्याला कुणी पंखा म्हणतच नाही. उपासना सुरू व्हायच्या आधी मागून आवाज येतो, "आबा लावा की गं कुणी." उकाडा वाढला की, "आबा पाचवर करा." कुणी म्हणतं, "आबा कुरकुर करायलेत, तेल सोडा." पहिल्या पहिल्यांदा मला दचकायला व्हायचं. आईला तर ते फार आवडतं. ती मुद्दाम दोनदा लावायला सांगते.

गेल्या महिन्यात अणदूरकडची एक नवी सून पहिल्या बाळंतपणानंतर चर्चला आली. तिचं लग्न गेल्या वर्षीचं. तिनं आबांना बघितलेलं नाही, त्यांचं नाव तिला माहीत असायचं कारण नाही. मागच्या ओळीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. उपदेश चालू झाला होता आणि मी नेहमीसारखी बोर्डापाशी उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, आबांना जरा हळू करा. बाळाचा डोळा लागलाय."

मी रेग्युलेटर दोनवर आणला आणि तिथंच भिंतीला पाठ लावून उभी राहिले.